जुन्या पंख्याचा आवाज

"फट्‌ झालं आणि धूर आला. मी काही केलं नाही हो भाऊ, नुसतं बटण दाबलं," मावशी म्हणाल्या आणि टेबलावर ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरवरून उगाच रुमाल फिरवला.

दुरुस्तीवाल्या चिमट्याने झाकण काढून आत नाक खुपसलं. असली जुनी यंत्रं दुरुस्त करणारा गावात तो एकटाच उरला होता. हातात सदा चिमटा, म्हणून सगळे त्याला चिमटाच म्हणत, बायकोसुद्धा. कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही.

"पॉवर सप्लाय गेलाय. ही नळकांडी बघा, कॅपॅसिटर म्हणतात. आतला रस सुकला. एक फुटलं, बाकीची फुगलीत. बंद होता ना बरेच दिवस?"

"मुलगा गेल्यापासून. कुणाला हात लावू दिला नाही मी. पुसायचे, वर कापड घालायचे. जिवापाड जपलाय."

"तिथंच चुकलं. वापरात असली तर टिकतात ही. जपल्यानंच गेला तो."

बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली. मावशींनी रुमालाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"पण सुरू होईल ना? मुलगी मला तिच्याकडे नेतेय. तिथं हे धूड ठेवायला जागा नाही. जायच्या आधी एकदा पूर्वीसारखा चालायला हवा. मग द्या कुणालाही."

"पूर्वीसारखा? नव्यासारखा करतो! परवा या."

जिभेने केलेलं हाताने निस्तरायचं, हा त्याचा जुनाच शिरस्ता. त्याने फुगलेले कॅपॅसिटर उपटून नवे बसवले. गळलेला चिकट रस ब्रशने धुऊन काढला. वायरीत मधे बल्ब जोडून आधी बेताने वीज दिली. बल्ब एकदा लकाकून मंद झाला, म्हणजे आत सगळं ठीक होतं. मग मागचा पंखा सुरू झाला, तो दमेकरी म्हाताऱ्यासारखा. खडखडणारं यंत्र दुकानातून बाहेर गेलं तर चिमट्याला घास गोड लागत नसे. त्याने तो पंखा काढून नवा लावला आणि जुना टेबलाखालच्या भंगाराच्या डब्यात टाकला.

ठरल्या दिवशी संध्याकाळी मावशी आल्या. स्टुलावर बसल्या. चिमट्याने ऐटीत बटण दाबलं. पडदा उजळला, त्यावर अक्षरं आली. मावशींनी तिकडे पाहिलंच नाही. मान कलती करून त्यांनी डोळे मिटले.

जरा वेळाने म्हणाल्या, "लावा ना भाऊ सुरू."

"सुरूच आहे की! आहे का कसला आवाज? खडखडणारा पंखाच काढून टाकला."

मावशींचा चेहरा पडला.

"त्याचा आवाज यायचा हो. आमच्या दोघांच्या खोल्यांमधे एकच भिंत. मी पडल्या पडल्या ऐकायचे. घरघर, मधेच टक्‌. पोरगा पलीकडे आहे, एवढं कळायचं. फारच उशीर झाला की मी भिंतीवर टकटक करायचे. मग तो बंद करून झोपायचा. ह्या पडद्यावरचं मला कधीच काही समजलं नाही. मला तेवढंच ठाऊक."

आयुष्यभर ज्या आवाजाचा चिमट्याने दुस्वास केला, तोच आणायला ही बाई आली होती. त्याने गुडघे टेकून भंगाराचा डबा जमिनीवर पालथा केला. पंखा सापडला. सवयीने हात तेलाच्या बाटलीकडे गेला. त्याने तो मागे घेतला आणि पंखा होता तसाच बसवला.

घरघर सुरू झाली. मधेच टक्‌.

मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. उजवा हात आपसूक उठला, बोटं दुमडली, टेबलावर टेकायला आली. तिथंच थांबली. मग त्यांनी तो हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

शेजारची दुकानं बंद होत गेली. बायकोचा फोन आला.

"येताय ना?"

"तू जेवून घे," तो हळूच म्हणाला. "एक मशीन चालू आहे अजून."

शटर ओढायला तो दारापर्यंत गेला. पण ते फार वाजायचं, म्हणून त्याने तसंच राहू दिलं.