अठरास सात

"बाई, आज भाग गेला," फळ्यापुढून पोशा म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर हातातला खडू तसाच धरून उभा राहिला.

फळ्यावर १८ : ६ होतं. खाली दोन्ही आकड्यांना सहाने भागून ३ : १ असं नीट मांडलेलं. चूक काही नव्हती. चंद्रभागाबाईंनी "बरोबर" म्हटलं आणि त्याला जागेवर बसायला सांगितलं.

भिवपुरीजवळच्या या शाळेत पाचवीला ही सवय बाईंनीच लावलेली. सकाळी हजेरी झाली की एकाने उठायचं, आलेले मुलगे आणि आलेल्या मुली यांचं गुणोत्तर फळ्यावर लिहायचं आणि त्याला सोपं रूप द्यायचं. कुणी गुरांमागे गेलेलं असे, कुणी लावणीला, त्यामुळे रोज नवं गणित आयतं मिळे. पंचाईत व्हायची ती सगळे हजर असले की. अठरा मुलगे, सात मुली. दोघांनाही भागेल असा आकडाच नाही. फळ्यापुढचं पोर डोकं खाजवत राही आणि वर्ग फिदीफिदी हसे.

त्यातली सातवी बाईंची स्वतःची, विशाखा. शाळेत तिनेही आईला बाईच म्हणायचं, असा घरचा कायदा होता. पावसाळ्यात एकदा अठरास सातशी अडल्यावर ती म्हणाली होती, "बाई, मी उद्या येत नाय. मंग जाईल भाग." गैरहजर राहून कुणी गणित सोडवतं का, असं बाईंनी तिला हसत दटावलं होतं.

दिवाळीनंतर तिला ताप भरला. दवाखान्यातून ती परत आली नाही. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि बाई शाळेत आल्या. बाई येणार म्हणून त्या दिवशी झाडून सगळा वर्ग हजर होता. नवरा नको म्हणत होता, पण घरी बसून तरी काय करायचं? रडू येत नव्हतं, भूक कळत नव्हती. पोशाने भाग गेला म्हटलं तेव्हाही आत काही हललं नाही, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी गोदा उठली. तिने १७ : ६ लिहिलं आणि भाग जात नाही म्हणून सांगितलं. कुणी हसलं नाही. सगळी पोरं माना खाली घालून बसली होती. बाईंनी पाहिलं, पोशाचं बस्कर रिकामं होतं. खिडकीबाहेर भिंतीला टेकून, मांडीवर पाटी घेऊन तो उन्हात बसला होता.

बाई बाहेर गेल्या. आत का आला नाहीस, म्हणून त्यांनी विचारलं.

"मी आलो का भाग जातो, बाई," पोशा मान वर न करता म्हणाला.

"मग रोज असा बाहेर बसणार?"

"बसन. हितून बी ऐकू येतं."

बाईंनी त्याला दंडाला धरून उठवलं, पाठीची माती झटकली आणि आत आणून बस्करावर बसवलं. फळ्यावरचे सतरा पुसून अठरा केले. खाली स्वतःच्या हाताने, सावकाश, ३ : १ लिहिलं. मग फळ्याकडेच तोंड करून त्या उभ्या राहिल्या. खांदे तेवढे हलत होते.

पुस्तकं काढा असं कुणी सांगितलं नव्हतं. मुलांनी आपणहून भूगोल उघडला.