हाइंकेल सावेडीच्या रस्त्यानं नेलं तेव्हा

खोटं बोलायचं वय माझं गेलं. आता मी फक्त वाढवून सांगतो. तेव्हा यातलं बारा आणे खरं धरा, उरलेलं माझ्या वयाला माफ करा.

आमचा महमूद एमआयडीसीतल्या पंख्यांच्या कारखान्यात रंगखात्यात होता. पंख्याच्या पात्यावर रंगाचा एक दाणा दिसला तरी अख्खा माल परत फिरवायचा. रिटायर झाल्यावर सावेडीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून त्यानं प्लास्टिकची विमानं जुळवायचा नाद लावून घेतला. गेल्या साली नगरला असल्या विमानांच्या प्रदर्शनात त्यानं हाइंकेल मांडलं. म्हणजे महायुद्धातलं जर्मन बॉम्बर, वीतभर आकाराचं, नाक सगळं काचेचं. पुण्याहून आलेल्या परीक्षक माधुरीताईंनी चष्मा कपाळावर चढवला अन् म्हणाल्या, "सुबक आहे हो. पण हे कधी उडालंच नाही."

महमूदला ते जिव्हारी लागलं. कारखान्यातून काल सुटलेलं विमान या लोकांना चालत नाही म्हणे. इंजिनामागे काजळी, पोटावर तेलाचे ओघळ, उडालेले रंगाचे टवके, असं लढाई करून आलेलं लागतं. मग महमूदनं दुसरं हाइंकेल जुळवायला घेतलं. जुळलं झकास. पण जन्मभर डाग पुसलेल्या माणसाला डाग पाडता येईनात. काजळी काढायचा तीसुद्धा पट्टी लावून.

"महमूद, ही घाण हाय का मेंदीची नक्षी?" मी विचारलं.

"मग घाण नीट करायला नको का, सूर्यभान?"

शेवटी डोळे मिटून, डाव्या हातानं खडूची पूड उधळत त्यानं ते विमान एकदाचं मळवलं. असं कळकट झालं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. यंदाच्या प्रदर्शनाच्या सकाळी तो खुशीत दाढी करायला गेला. तेवढ्यात जहिराभाभीनं विमान पाहिलं. चार लोकांत नवऱ्याची अब्रू जायला नको म्हणून तिनं शाम्पू अन् जुना टूथब्रश घेतला. महमूद परतला तेव्हा हाइंकेल दोरीला चिमट्यानं लटकत होतं, नवरीसारखं चमकत.

"लोकांत न्यायचं अन् असलं घाणेरडं?" भाभी म्हणाली. "भाऊ, तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?"

मी काय सांगणार? माझ्या हातात तिचाच चहा होता.

महमूद पलंगावर आडवा झाला. "संपलं. ती बाई पुन्हा म्हणणार, उडालंच नाही."

"ऊठ. नाव दिलंय, हजेरी तरी लावू."

विमान अजून ओलं होतं, म्हणून खोक्यात घातलं नाही. तळहातावर धरून महमूद माझ्या स्कूटरवर मागे बसला. आमचा रस्ता आधी ड्रेनेजसाठी खणला, मग केबलसाठी. तिसऱ्यांदा कशासाठी खणला ते कुणालाच आठवेना, म्हणून आठवेपर्यंत तसाच ठेवलेला. पहिल्या खड्ड्यात पंखाचा टवका उडाला. ओल्या पोटावर मुरमाची धूळ बसली. पुढच्या टेम्पोनं धूर सोडला तो नेमका दोन्ही इंजिनांमागे. पाण्याच्या टँकरनं चाकांना चिखल लावला. आणि शेवटचा खड्डा तर असा की बाहेर पडताना स्कूटर, मी, महमूद अन् हाइंकेल, चौघंही हवेत होतो. महमूदनं वरूनच माझ्या सात पिढ्यांची आठवण काढली.

हॉलमध्ये माधुरीताई विमानापुढे थांबल्या त्या हलेनात. "हे मात्र उडालंय!"

"व्हय ताई," मी म्हणालो. "मी बरोबर होतो."

पहिला नंबर! "हा धुळीचा रंग कोणत्या कंपनीचा?" ताईंनी विचारलं. महमूद सरळ माणूस. तो तोंड उघडणार तोच मी त्याच्या पायावर पाय दिला. "सावेडीचाच माल हाय ताई. बाहेर मिळत न्हाई."

आठवड्यात चौकात नगरसेवकाचा फ्लेक्स लागला: 'आपल्या प्रभागातील धूळ प्रथम! कलावंतांच्या आग्रहास्तव रस्त्याचे काम स्थगित.' पुण्याचे हौशी लोक आता डब्या-चमचे घेऊन येतात अन् आमच्या दारातली धूळ गाळून नेतात. नगरसेवक त्यांना श्रीफळ देतो.

भाभी मात्र रोज विचारते, "बक्षीस मिळालं ना? मग आता धुऊ का?"

तेव्हापासून महमूद विमान मांडीवर घेऊन जेवतो.