कबुतरखान्यातला सडा

केशवरावांनी गच्चीवर कबुतरं ठेवू दिली ती एका अटीवर: रोज सकाळी कबुतरखान्यात शेणाचा सडा पडला पाहिजे. घराण्याला झाशीत येऊन दोनशे वर्षं झाली होती. घरात मराठी निम्मीच उरली होती. सडा मात्र पुरता शाबूत होता. तो घालायची त्यांची विधवा वहिनी सरला, कारण गच्चीवरची अठरा कबुतरं तिची.

भाद्रपदात कबुतरं वाळू लागली. दाणे खात अधाशासारखी, पण छातीचं हाड हाताला सुरीसारखं लागे. विष्ठा हिरवी, पातळ. निळी नावाची मादी तर पिसं फुगवून कोपऱ्यात बसली ती उठेना.

"दृष्ट लागली," केशवराव म्हणाले. "सडा दोनदा घाला, वहिनी. रविवारपर्यंत सुधारली नाहीत तर मऊरानीपूरचा दाणेवाला घेऊन जाईल."

"तो काय करील त्यांचं?"

"ते विचारायचं नसतं."

सरलाने सडा दोनदा घातला. दोन कबुतरं मेली. शुक्रवारी ती काड्यापेटीत विष्ठा भरून जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी ती मिठाच्या पाण्यात कालवली, वर तरंगलं ते काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शक तिच्यापुढे सरकवला. लंबगोल अंडी, जाड कवचाची, ढीगभर.

"पेट में कीड़े हैं, माताजी. अंडे बीट में गिरते हैं, गीली ज़मीन में पकते हैं, फिर दाने के साथ वापस पेट में. फ़र्श तो सूखा रखती हैं न?"

सरलाने औषध मागून घेतलं आणि घरी येऊन खरवडायला खुरपं उचललं.

रविवारी केशवराव स्वतः बादली घेऊन वर आले. मागे दाणेवाला, रिकामी टोपली घेऊन. कबुतरखान्याची जमीन खरवडलेली, कोरडी ठणठणीत. दाणे उंच लाकडी कुंडात. दारात सरला.

"सडा?"

"बंद."

"वहिनी, ह्या घरात दोनशे वर्षं सडा चुकलेला नाही!"

"जंतही चुकले नसतील. बघायला काच नव्हती, एवढंच."

तिने एक बाटली पुढे धरली. औषधानंतर निळीच्या पोटातून पडलेले पांढरे दोरे त्यात होते.

"ओळख करून घ्या, भाऊजी. इतके दिवस आपण ह्यांनाच आंघोळ घालत होतो."

"शिव शिव! एक तर सडा राहील, नाहीतर कबुतरं!"

"कबुतरं राहतील. औषध पुन्हा तीन आठवड्यांनी द्यायचंय. तोवर आणि त्यानंतरही इथे सड्याचा थेंब पडणार नाही. दाणेवाले भैया, आप भी जाइए. आणि भाऊजी, बादली सांभाळून. जिना निसरडा आहे, रोज सडा पडतो ना तिथे."

केशवराव बादलीसकट उतरले. त्या दिवशी अंगणात दोन सडे पडले. वर निळी कोपऱ्यातून उठली, कोरड्या जमिनीवर चार पावलं चालली आणि बाटलीकडे पाठ करून बसली.