पाच कुलपांची एक चावी

गाडीची चावी तिने इतकी जपून ठेवली की ती हरवलीच.

घरात नुकतं चालायला लागलेलं मूल असलं की वस्तूंना पाय फुटतात म्हणतात. इथे ते तिनेच फोडले होते. छकुलीच्या हाताला जे लागेल ते थेट तोंडात जायचं. म्हणून चावी खुंटीवरून कपाटात गेली, कपाटातून डब्यात, आणि डब्यातून अशा एका जागी, जिथे कुणाचा म्हणून हात पोचणार नाही. आता तिचाही पोचत नव्हता. आठ दिवस तिने गाद्या उलथ्या केल्या, पिठात हात घातले, छकुलीचं पोट दाबून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं की एवढी मोठी चावी पोटात असती तर पोरीने आधी आपल्याला सांगितलं असतं.

तशी ती सगळ्यांनाच माहीत होती. गॅस तीनदा बघणारी, झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरणारी. दादा तिला लहानपणापासून भागूबाई म्हणायचा. भित्री हा शब्द आधी लावायची गरजच उरली नव्हती.

गाडी बाबांची. तिच्याहून वयाने मोठी, नाकाची गोल, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असलेली. जाताना बाबांनी ती कागदोपत्री लेकीच्या नावावर केली, पण उभी राहिली ती आईच्या घरामागच्या शेडमध्ये, आणि त्या घरात दादा राहायचा. दर पंधरवड्याला ती छकुलीला आईच्या मांडीवर सोपवून गाडी चालू करायची, थोडी पुढे-मागे घ्यायची, पुसायची. दादाच्या ओळखीचा एक शौकीन होता, जुन्या गाड्या जमवून दिवाणखान्यासारख्या ठिकाणी मांडून ठेवणारा. त्याचा या गाडीवर केव्हापासून डोळा होता, आणि दादाने त्याला जवळजवळ शब्दही दिला होता. अडत होतं ते फक्त तिच्या सहीपाशी.

चावी हरवल्याचं कळलं तेव्हा दादाचा आनंद गगनात मावेना. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं म्हणत तो खूप हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "जिला चावी सांभाळता येत नाही, ती गाडी काय सांभाळणार? रविवारी अकरा वाजता माणूस ट्रक घेऊन येतोय. तोवर गाडी स्वतः चालवून बाहेर काढ. नाहीतर सही कर आणि मोकळी हो."

ओशाळलेल्या माणसाकडून काहीही कबूल करून घेता येतं. ती "बरं" म्हणाली. घरी जाईपर्यंत त्या "बरं"ची इतकी चीड आली की रिक्षावाल्याला तिने उगाचच वळण चुकल्याबद्दल सुनावलं. वळण बरोबर होतं.

बाजारामागच्या गल्लीत एक चावीवाले होते. पूर्वी कुठल्याशा तंत्रशाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. अशा जुन्या गाडीचं काम करणारे ते एकटेच उरले होते. गुरुवारी दुपारी, दादा कामावर गेलेला असताना, ती त्यांना शेडमध्ये घेऊन आली. आईने छकुलीला कडेवर घेतलं आणि शेडचं दार उघडून दिलं.

मास्तरांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली, कुलपांवर टिचक्या मारल्या. पाच कुलपं होती: पुढच्या दोन दारांची, डिकीची, समोरच्या खणाची आणि इंजिन चालू करण्याचं. दार फोडायची वेळ आली नाही. पुढच्या तिकोनी काचेची कडी ढिली होती, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. मास्तरांचा हात जाड पडला. तिचा आत गेला आणि दार उघडलं. मास्तर म्हणाले, "ताई, ही गोष्ट कुणाला सांगत जाऊ नका." त्यांनी कडी घट्ट बसवून दिली.

डावीकडच्या दाराचं आतलं अस्तर काढून त्यांनी कुलपाचा गाभा बाहेर काढला. त्यात पितळेच्या पातळ पट्ट्या होत्या, कमी-जास्त उंचीच्या. मास्तर वर्गात शिकवल्यासारखे सांगू लागले: चावीचे दात या पट्ट्यांना उचलतात, सगळ्या एका रेषेत आल्या की गाभा फिरतो, एखादी जरी वर राहिली तर नाही. पट्ट्यांच्या उंचीवरून त्यांनी कोरी चावी कापली, दोनदा कानसली. ती इंजिनाच्या कुलपात घातली आणि फिरवली. समोरचा लाल दिवा लागला.

तिला रडू आलं, पण मास्तरांसमोर बरं दिसलं नसतं.

ड्रायव्हरच्या दाराला मात्र ती चावी लागेना. तेव्हा तिला आठवलं की बाबांच्या कडीत दोन चाव्या असायच्या. ते कुलूप त्यांनी कधीतरी भंगारातून आणून बसवलं होतं; त्याची चावी तिच्याकडे कधी आलीच नाही, ती डाव्या दारानेच आत शिरायची. मास्तर म्हणाले, त्यात काय, याच्या पट्ट्या बदलून हेही या चावीला जुळवतो, की सगळ्या गाडीला एकच चावी. शिवाय जुनी सापडलीच तर तीही कामाला येईल.

नेमक्या याच वाक्यावर ती अडली. सापडली तर. पण कुणाला? ती चावी आत्ता कुठे आहे, हे तिला माहीत नव्हतं. म्हणजे ती कुठेही असू शकत होती, कुणाच्याही खिशात.

"मास्तर, जुनी चावी चालायला नको."

मास्तर हसले. म्हणाले, ही गाडी चोरायला कोण येणार, आणि आलाच तर बिचाऱ्याला आधी ढकलावी लागेल. तिलाही ठाऊक होतं की हा तिचा नेहमीचाच भुंगा. नवरा इथे असता तर म्हणाला असता, जाऊ दे ना. पण आठ दिवस सगळ्यांचं ऐकून तिचे कान किटले होते.

"हसा तुम्ही. पण पाचही कुलपं बदला."

मास्तरांनी तिच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं. मग पाचही गाभे काढून पिशवीत टाकले. प्रत्येकात दोन पट्ट्यांची अदलाबदल केली तरी जुनी चावी मुकी होईल, असं म्हणाले. शनिवारी दुपारी, दादा घरी नसताना, त्यांनी कुलपं बसवली आणि तिच्या हातावर दोन नव्या चाव्या ठेवल्या. एक तिने आईच्या मुठीत दिली. दुसरी दोरीत ओवून गळ्यात घातली. जपून ठेवायच्या जागांवरचा तिचा विश्वास उडाला होता.

रविवारी ट्रक साडेदहालाच आला. शौकीन गृहस्थ गाडीभोवती असे फिरले, जणू त्यांच्याच घरची. दादाने तिच्याकडे पाहून विचारलं, "काय भागूबाई, सापडली का?"

"नाही सापडली," ती म्हणाली. हे खरंच होतं.

"म्हणजे मीच बघतो काहीतरी," असं म्हणत दादाने खिशात हात घातला आणि कातडी पट्ट्याची कडी बाहेर काढली. दोन चाव्या, झिजलेल्या. पट्ट्यावर बाबांच्या बोटांचा काळा डाग. त्याने सहज सांगून टाकलं की ही जोडीची, बाबांनी त्याच्याकडे ठेवायला दिलेली.

आठ दिवस ती पिठात हात घालत होती आणि हा हसत होता. काखेत कळसा होता खरा. फक्त काख दादाची होती.

त्याने दाराच्या कुलपात चावी घातली. आत गेली, फिरली नाही. दुसरी घातली. मग डिकीला लावली, फुंकर मारून लावली, मांडीला पुसून लावली. शौकीन गृहस्थ घड्याळ बघू लागले. आईने छकुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"गंजलंय," दादा म्हणाला.

"गंजलं नाही, बदललंय. दादा, तुझ्या हातातली चावी बाबांच्या गाडीची आहे. ही गाडी माझी." तिने गळ्यातली दोरी काढली.

दार उघडलं. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं, आणि शेडमध्ये इतका धूर झाला की गृहस्थ मागे सरले. अकराला सात मिनिटं कमी होती. दादा काचेशी येऊन काहीतरी बोलत होता. लहान मूल घेऊन असली खटारा गाडी, उद्या रस्त्यात बंद पडली तर, असंच काहीसं. तिने काच वर केली.

मागचं दार उघडून आई आत बसली, छकुलीला घट्ट धरून. लेकाला एवढंच म्हणाली की जेवायला थांबू नकोस.

दुसऱ्या वळणाशी तिने गाडी कडेला घेतली. उतरून डिकीचं कुलूप ओढून पाहिलं. बंद होतं. आत येऊन बसली, पुन्हा उतरली, पुन्हा ओढून पाहिलं.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं," ती म्हणाली, आणि दांडा पहिल्या गिअरमध्ये टाकला.