पायी आलेलं गिऱ्हाईक

"मॅम, तुमची गाडी कुठे आहे?" खांबावरच्या स्पीकरनं पुन्हा विचारलं.

"गाडी नाही. मी आहे," पद्मिनीकाकू म्हणाल्या. इंग्रजीत म्हणाल्या, आणि नागपूरच्या बँकेत रांगेत घुसणाऱ्याला ऐकवायच्या तितक्याच ठणठणीत आवाजात म्हणाल्या.

अमेरिकेतल्या, शुगर लँडमधल्या त्या बँकेचं आतलं दार शनिवारी बंद असे. चालू असायची ती फक्त मागची, गाड्यांसाठीची सोय. छपराखाली गाडी उभी करायची, खांबातल्या कप्प्यातला प्लास्टिकचा डबा काढायचा, त्यात कागद घालून बटण दाबायचं. मग हवेच्या जोरावर डबा नळीतून सूं करत पलीकडे जायचा, काचेमागच्या मुलीकडे. तिनं पैसे घातले की तसाच सूं करत परत. काकूंनी सगळं बरोबर केलं होतं. चेक होता, त्याच्या पाठीवर सही होती, ओळखपत्र होतं. डबा गेला आणि जसाच्या तसा परत आला.

"आम्ही पायी आलेल्यांना इथे सर्व्ह करू शकत नाही. तुमच्या सेफ्टीसाठी. सोमवारी या, प्लीज."

"कीर्तन आज आहे," काकू म्हणाल्या.

काचेमागच्या मुलीला यातलं काय कळलं देव जाणे. काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. खांबाच्या सावलीत, पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. टेक्ससचं ऊन खालून वर येतं, डांबरातून. चपलेचा तळ पोळत होता.

सकाळी घरात यावरूनच वाजलं होतं.

"आई, चेकचा फोटो काढायचा, झालं," सून आश्लेषा म्हणाली होती. "मी ॲपवर डिपॉझिट करते. आणि तुम्हाला कॅश हवी तर माझ्या पर्समध्ये आहे ना."

"ती तुझी आहे."

"तुमची-माझी काय त्यात?"

आश्लेषा मनानं चांगली होती, हीच अडचण. भांडायला जागा ठेवत नसे. मुलगा, केदार, ठेवायचा.

"सोमवारी नेतो ना तुला," तो टेनिसची बॅग खांद्यावर टाकत म्हणाला. "तुझं एटीएम कार्डही येईल तोवर पोस्टानं. आणि आई, ऐक, आज मंडळात कोणी विचारलं तर व्हॉलंटिअर करते असं सांग. डेकेअरमध्ये नोकरी म्हटलं की लोकांना वाटतं, आम्ही तुला कामाला लावलंय."

"तुम्ही नाही लावलं. मी लागले."

"तेच ते. बरं दिसत नाही यार."

ओळखीतल्या दीपाच्या पाळणाघरात काकू जाऊ लागल्या त्या वेळ जात नाही म्हणून. मग झोपायला कुरकुरणारी मुलं दीपा नेमानं त्यांच्याकडे देऊ लागली. काकू त्यांना मांडीवर घेऊन पाठीवर ठेका धरत आणि जे तोंडात येईल ते गात. पोरं झोपत. दीपानं ग्रीन कार्ड पाहिलं, रीतसर कामावर घेतलं आणि काल त्यांच्या हातात चेक ठेवला. जन्मातला पहिला. काकूंनी तो देवापुढे ठेवला, आणि केदारनं गाडीच्या चाव्या शोधताना उचलून बाजूला केला.

आज मंदिराच्या हॉलमध्ये सुलेखाताईंचं कीर्तन होतं. कीर्तनाच्या शेवटी आरतीचं तबक फिरतं, त्यात ज्यानं त्यानं आपल्या हातानं घालायचं असतं. काकूंनी आयुष्यभर घातलं होतं. पण पैसे नवऱ्याचे, गुरुनाथांचे. देवळाच्या पायरीशी बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे होत, तिथे ते थांबायचे आणि काकूंच्या तळहातावर घडी घातलेली नोट ठेवायचे. "घाल हो, तुझ्या हातानं," म्हणायचे. काकू घालत. ते गेल्यावर केदार देऊ लागला. तोही प्रेमानंच देई. पण पुण्य असलंच, तर ते कुणाच्या नावावर पडत असेल, हा प्रश्न काकूंना कीर्तनात बसल्या बसल्या पुष्कळदा पडला होता, आणि कुठल्या बुवांना विचारायचा धीर झाला नव्हता. आज विचारायची गरज नव्हती. आज कमाई त्यांची होती.

फोन वाजला. केदार.

"आई, मला मॅपवर तू बँकेच्या ड्राइव्ह-थ्रूमध्ये दिसतेयस."

"आहेच मी तिथे."

"तू गाड्यांच्या लेनमध्ये उभी आहेस?"

"लायनीत उभी आहे. माझा नंबर पहिला आहे."

"आई, ते पोलीस बोलावतील. बाजूला हो, मी येतो."

"येऊ नकोस. तुझ्या गाडीत बसून आले तर पुन्हा तुझेच होतील ते पैसे." हे त्याला कळणार नव्हतं, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मागे हॉर्न वाजला. एक जुना पिकअप ट्रक येऊन थांबला होता. मागे गवत कापायची यंत्रं, फावडी, पाण्याचं पिवळं पिंप. खिडकीतून मिशीवाला, उन्हानं रापलेला माणूस डोकावला.

"सगळं ठीक ना, सेन्योरा?" त्यानं स्पॅनिश वळणाच्या इंग्रजीत विचारलं.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या ट्रककडे पाहिलं, काचेमागच्या मुलीकडे पाहिलं. मग सरळ त्याच्या खिडकीशी गेल्या.

"दे वाँट कार," त्या म्हणाल्या. "यू हॅव कार."

तो माणूस इतका हसला की ट्रकच्या आरशाला लटकवलेली जपमाळ हलली. त्यानं शेजारच्या सीटवरचे हातमोजे आणि जेवणाचा डबा मागे टाकला आणि दार उघडलं. पायरी उंच होती. काकू साडी सावरत, दाराची कडी धरून चढल्या. त्यानं मदतीला हात पुढे केला तेव्हा काकूंनी त्याच्या हातात पिशवी दिली.

ट्रक खांबापाशी लागला. काकूंच्या हातून चेक पुन्हा डब्यात गेला, डबा नळीत गेला.

"सर, या तुमच्याबरोबर आहेत का?" स्पीकर म्हणाला.

"माझी मावशी आहे," तो डोळा मिचकावत म्हणाला.

"नो," काकू त्याच्यावरून वाकून खांबाकडे तोंड करून म्हणाल्या. "आय ॲम कस्टमर."

काचेमागे काहीतरी खुडबुड झाली आणि सूं करत डबा आला. पाकिटात नोटा, ओळखपत्र आणि एक लाल लॉलीपॉप.

"हे लहान मुलांसाठी ठेवतात," तो म्हणाला.

काकूंनी लॉलीपॉप त्याच्या डॅशबोर्डवर ठेवला. "तुझं भाडं."

घरी सोडू का, असं त्यानं विचारलं. काकू म्हणाल्या, "सिग्नलपर्यंत. पुढे सावली आहे."

संध्याकाळी मंदिराकडे जाताना गाडीत आश्लेषा एकदा मागे वळून म्हणाली, "आई, पाणी तरी प्यायचं होतंत हो." काकू म्हणाल्या, "प्यायले."

सुलेखाताई उभ्या राहिल्या, चिपळ्या वाजल्या आणि हॉलमधल्या एसीचा आवाज कुठल्या कुठे गेला. काय आवाज होता! गाता गाता मध्येच बोलायला लागायच्या, बोलता बोलता सूर कधी धरला ते कळायचं नाही. पूर्वरंग संपला, त्यांच्या गळ्यात हार पडला, सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागला. उत्तररंगातल्या गोष्टीला लोक हसले, शेवटी शेवटी कुणी नाक ओढू लागलं. काकूंनी दोन्ही वेळा मनापासून साथ दिली. कमरेच्या बटव्यात नोट होती. मध्येच त्यांनी ती चाचपून पाहिली.

आरती झाली. तबक फिरू लागलं. मंडळाचा खजिनदार प्रसाद ते धरून होता. निरांजन, सुपारी, फुलं, आणि निरांजनाला टेकवून उभा केलेला एक पुठ्ठा, फोनवरून पैसे पाठवायच्या चौकोनी चिन्हाचा. लोक फोन पुढे करत, ज्योतीवरून हात फिरवत.

"काकू, तुमचं नको," प्रसाद हळूच म्हणाला. "केदारनं दुपारीच फॅमिलीचं पाठवलंय."

"त्यानं त्याचं पाठवलं असेल."

"नाही, म्हणजे सगळ्यांचं मिळून..."

"प्रसाद, मी दीपाच्या पाळणाघरात नोकरी करते," काकू म्हणाल्या. शेजारच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तबक जरा खाली घे."

त्यानं घेतलं. काकूंनी पुठ्ठा उचलून त्याच्या हातात दिला. नोट उलगडली, तबकात ठेवली आणि एसीच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून वर सुपारी ठेवली. ज्योतीवरून तळवे फिरवून डोळ्यांना लावले.

पलीकडे पुरुषांच्या बाजूला केदार फोन हातात धरून त्यांच्याकडे पाहत होता. त्यांनी पाहिल्यावर त्यानं फोन खिशात टाकला.

तबक पुढे गेलं. काकूंचा उजवा हात मांडीवर तसाच उघडा राहिला, देवळाच्या पायरीशी गुरुनाथांपुढे राहायचा तसा. थोड्या वेळानं त्यांच्या ते लक्षात आलं. पण त्यांनी तो मिटला नाही.