सेलेदोनिओच्या रुमालातलं रक्त

रविवारी सकाळी पोसो ब्लांको गावच्या चॅपेलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. एरवी तिथे सात-आठ म्हाताऱ्या असायच्या. त्या दिवशी मेण काढायच्या भट्ट्या विझवून गडीमाणसंही आली होती.

वीस वर्षं चॅपेलची किल्ली सांभाळणाऱ्या सेलेदोनिओने पांढऱ्या रुमालाची घडी ख्रिस्ताच्या लाकडी गालावरून फिरवली आणि उलगडून दाखवली. नुसती ओल.

"प्रभूचे अश्रू! आता प्रार्थना म्हणा. श्रद्धा असेल तर रक्त उतरेल. नाही उतरलं, तर कोणाच्या मनात पाप आहे ते मी नावानिशी सांगेन!"

लोकांनी घाईघाईने प्रार्थना म्हटली. ओल गुलाबी झाली, मग लाल. बायका गुडघ्यांवर कोसळल्या.

शुक्रवारी असाच एक रुमाल त्याने इलारियाच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या, देल्फिनाच्या छातीवर ठेवला होता. "पोरीची साखर प्रभूने स्वतःच्या रक्तात घेतली. आता सुई टोचलीस, तर ती परत येईल." सेलेदोनिओ देल्फिनाचा धर्मपिता, म्हणून घरचाच माणूस. बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातांवर धरलेलं. इलारियाने इन्सुलिन थांबवलं.

आता चॅपेलमध्ये पोर सारखं पाणी मागत होती. दोनदा ओकली होती.

"हिच्या श्वासाला सडक्या फळासारखा वास येतोय," शाळेच्या ओतिलियाबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"धर्मपित्याचा आशीर्वाद घेते आणि निघते, बाई."

धर्मपित्याच्या उजव्या हाताचं चुंबन घ्यायचं, ही तिथली रीत. सेलेदोनिओने डावा पुढे केला.

"उजवा द्या ना," देल्फिना म्हणाली. "माझ्यावर रागावलात?"

"अगं वेडे, डावाही माझाच आहे!"

तो एकटाच हसला. इलारियाने त्याची उजवी मूठ धरली आणि बोटं उलगडली. तळवा तांबडा झाला होता. त्यात बोटभर लांबीची मोडलेली कांडी होती.

"सांग्रे दे द्रागोची कांडी!" मागून कोणीतरी ओरडलं. "अरे, हे तर आपण हिरड्यांना चोळतो!"

एक जण ट्रक काढायला धावला. तेवढ्या वेळात बाईंनी ती कांडी आणखी एकदा मोडून स्वतःच्या पांढऱ्या बाहीवर घासली.

"एरंडाच्या कुळातलं झुडूप आहे. टेक्सासपासून खाली ओआहाकापर्यंत माळावर उगवतं. चीक निघताना पाण्यासारखा असतो, हवा लागली की लाल होतो. ह्याने कांडी घडीत दाबली आणि तुम्हाला प्रार्थनेला लावलं. प्रार्थनेइतकाच वेळ त्याला हवा होता."

बाही लाल झाली.

"चॅपेल ओस पडलं होतं, इलारिया," सेलेदोनिओ पुटपुटला. "लोक यावेत, एवढंच मनात होतं."

"दादा, हे खोटं आहे हे गावात फक्त तुम्हाला ठाऊक होतं. तरी माझ्या पोरीची सुई बंद करायला लावलीत?"

बाहेर ट्रक येऊन थांबला, तशी ती पोरीला उचलून धावली.

देल्फिना वाचली, पण अकरा दिवस दवाखान्यात होती. त्या झुडपाचा गुण पोसो ब्लांकोतल्या पोराटोरांना माहीत होता, तरी एकाही मोठ्या माणसाने रुमाल हातात घेऊन पाहिला नाही. श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी. पण औषध थांबवा असं कोणी सांगितलं, मग तो किल्लीवाला असो की सख्खा भाऊ, तर पुरावा मागा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई बंद करू नका.

दवाखान्यात इलारिया प्रत्येक बाटलीबद्दल विचारायची. हे काय, किती, कशासाठी. एकदा डॉक्टर वैतागले.

"विचारू द्या मला," ती म्हणाली. "घरचा म्हणून एकाला विचारलं नव्हतं."