शिंपीणबाईंच्या मांडीतला साठा

मी एक जुना स्नायू आहे. मित्रांनो, माझं घर म्हणजे एका शिंपीणबाईंची उजवी मांडी. पायाचं मशीन चालवून आणि कापडाचे तागे जिन्याने वर नेऊन मी घडलो. "बाईंच्या पायात दम आहे हो!" असं गिऱ्हाइकं म्हणत, तेव्हा मी फुशारून जाई. मग मशीनला मोटर बसली आणि मी सुस्तावलो. जेवणातली साखर मी ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवत होतो, पण मागायला फारसं कुणी येईना.

एका दुपारी दुकानात इस्त्री तापून चिंध्यांनी पेट घेतला. वरच्या खोलीत बाईंची थोरली बहीण झोपली होती. तिला कमी ऐकू येतं.

"ताई! अगं ताई!"

बाईंनी खालून हाका मारल्या. धूर जिन्यात शिरू लागला.

तेवढ्यात रक्तातून संकटाची वर्दी देणारं अ‍ॅड्रेनलिन आलं. ते आत येत नाही बरं का. पेशीच्या दारावरच थाप मारतं. निरोप आत एकाकडून दुसऱ्याकडे धावला. फॉस्फोरिलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, पेंगत होतं, ते खडबडून उठलं आणि ग्लायकोजेनमधून साखरेचा एकेक कण तोडू लागलं. साठा रचणाऱ्या विकराला त्याच निरोपाने हात आवरायला लावलं. नाहीतर एकाने तोडायचं, दुसऱ्याने जोडायचं, आणि हाती भोपळा!

बाई दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेल्या. ताईंना पाठुंगळी घेऊन जिना उतरल्या आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या. मी थरथरलो, ती साखर जाळत राहिलो, पण वाकलो नाही.

रस्त्यावर ताई खोकत म्हणाल्या, "अगं, खाली ठेव मला! लोक बघतायत."

बाई मटकन बसल्या आणि रडता रडता हसू लागल्या. शेजाऱ्यांनी पाणी मारून आग विझवली. कापड जळालं, माणसं वाचली. माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी मी दगडासारखा आखडलो. ताई तेल चोळत म्हणाल्या, "मला वाटायचं, तुझी नुसती जीभच चालते."

"जरा जोरात चोळ, आणि कमी बोल," बाई कण्हत म्हणाल्या.

मित्रांनो, अ‍ॅड्रेनलिन हाक मारेल हो, पण कोठारच रिकामं असेल तर विकरं तरी काय तोडणार? वेळेवर जेवा, चाला-फिरा, दमलात की आम्हाला विसावा द्या. आता दोघी बहिणी रोज फिरायला जातात. काल कोपऱ्यावर ताई थांबल्या आणि म्हणाल्या, "अजून थोडं पुढे जाऊ या का गं?"

मला तर तेच हवं होतं.